८० हाडांचा संच आणि चुकलेला बारावा मणका

खोक्यावर छापलं होतं, 'ॲक्सियल सांगाडा, मानवी आकार, ८० हाडं'. म्हणून खोकं उघडल्यावर आधी चादर अंथरली आणि सगळी हाडं मोजून काढली. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी पेशंट बघते, संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना हाडं शिकवते. दोन्हीकडे एकच मॉडेल चालावं म्हणून हे घेतलं. वापरून चौदा महिने झाले. या काळात ते इतक्या वेळा सुटं करून पुन्हा जोडलंय की आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहू शकते.

तर मोजणी. कवटीची २२, त्यात मेंदूभोवतीची ८ आणि चेहऱ्याची १४. ही सुटी मिळत नाहीत. कवटी तीन तुकड्यांत येते, वरची टोपी, खालचा तळ आणि जबडा, त्यामुळे मोजायची ती सांध्यांच्या रेघांवरून. (दात हाडांत धरत नाहीत, मुलं ते दरवर्षी मोजतात.) गळ्यातलं हायॉइड १. कण्याची २६, म्हणजे २४ सुटे मणके, एक सेक्रम (कमरेखालचं त्रिकोणी हाड) आणि एक माकडहाड. बरगड्या २४, छातीचं हाड १. बेरीज झाली ७४. राहिलेली ६ कानातली, प्रत्येक कानात तीन: हातोडी, ऐरण आणि रिकीब. ती या संचात नाहीतच. कानशिलाच्या हाडात कानाचं भोक कोरलंय, पण आत भरीव प्लॅस्टिक आहे. रिकीब म्हणजे शरीरातलं सर्वांत छोटं हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. खऱ्या आकारात ते बनवणं परवडणार नाही हे मला मान्य आहे. मग खोक्यावर ७४ छापा, किंवा कानाची तीन हाडं मोठी करून वेगळ्या डबीत द्या.

या मॉडेलला कमी तारे देणाऱ्या काहींची तक्रार आहे की खांद्याची आणि कमरेची हाडं दिलेली नाहीत. ही तक्रार चुकीची आहे. ॲक्सियल म्हणजे शरीराचा मधला आस: कवटी, कणा, छातीचा पिंजरा. गळपट्टीचं हाड, खांद्याचा फावडा, खुब्याचं हाड आणि हातपाय ही २०६ पैकी उरलेली १२६ हाडं, त्यांचा संच वेगळा असतो. सेक्रम अधांतरी लटकताना विचित्र दिसतं खरं, पण त्यामुळेच त्याच्या दोन्ही कडांचा कानाच्या पाळीसारखा खडबडीत भाग मोकळा दिसतो. खुब्याचं हाड तिथे बसतं. पूर्ण सांगाड्यात तो भाग कधीच नीट दिसत नाही.

आता कणा. माझ्या मते अशा मॉडेलची खरी परीक्षा डोळ्यांनी होत नाही, हातांनी होते. आम्हाला शिकवणारे सर कापडी पिशवीत हाडं ठेवायचे, आत हात घालायचा आणि न बघता सांगायचं. मणका असेल तर बोटांनी तीन प्रश्न विचारायचे. आडव्या फांदीत भोक आहे? मग मानेचा. अंगाच्या, म्हणजे मणक्याच्या पुढच्या जाड भागाच्या, बाजूला बरगडी टेकायची खळगी आहे? मग पाठीचा. दोन्ही नाही? मग कमरेचा. मीही मुलांना तसंच शिकवते. म्हणून माझी अपेक्षा एकच होती, की यातला प्रत्येक मणका स्पर्शाने ओळखता यावा.

मानेचे सातही मणके या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेतात. पहिला, म्हणजे ॲटलस, नुसतं कडं आहे. त्याला अंग नाही आणि मागे काटाही नाही. दुसऱ्याचा, ॲक्सिसचा, वर आलेला दात सुबक घडवलाय आणि तो ॲटलसच्या पुढच्या कमानीला बरोबर टेकतो. मागून तो दात जागेवर धरून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधणारा चिवट पट्टा, असतं, त्याच्या जागी एक पांढरी रबरी पट्टी दिलीय. त्यामुळे कवटी हातात धरून मान डोलावता येते आणि फिरवताही येते. होकाराची हालचाल कवटी आणि ॲटलसमध्ये होते, नकाराची ॲटलस आणि ॲक्सिसमध्ये. मान फिरते त्यातलं सुमारे निम्मं फिरणं या एकाच जागी होतं. हे तोंडाने कितीही सांगितलं तरी मुलांच्या डोक्यात राहत नाही, इथे कवटी एकदा हातात दिली की पुन्हा सांगावं लागत नाही.

सातव्या मणक्यासाठी मी या कंपनीला खास दाद देईन. मानेच्या मणक्यांच्या आडव्या फांद्यांतल्या भोकांतून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी वर चढते. ती बहुधा सहाव्या मणक्यापाशी आत शिरते, सातव्याच्या भोकातून जात नाही. या संचात सातव्याचं भोक वरच्यांपेक्षा लहान ठेवलंय, आणि मागचा काटा दुभंगलेला नाही, लांब आणि एकसंध आहे. मान खाली घातली की पाठीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा हाताला लागतो तो बहुतेकांमध्ये हाच. इतकं बारकाईने काम केलेलं पाहून मी खूश झाले होते.

म्हणूनच पुढचं लिहिताना वाईट वाटतं.

मणक्यांचे नंबर खालच्या बाजूला शाईने लिहिलेले होते. निर्जंतुक करायच्या द्रावाने पुसता पुसता दोन महिन्यांत ते गेले. माझी काही हरकत नव्हती, नंबर नसलेला संच शिकवायला जास्त चांगला. एका संध्याकाळी मुलांना सगळे मणके ढिगात दिले आणि रचायला सांगितले. मान झाली, कंबर झाली, पाठीचे वरचे सातही झाले. पुढे गाडी अडली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे पाच सारखेच आहेत." मी म्हटलं, नीट बघ. तिने पाचही ओळीत उभे करून दाखवले. खरंच सारखे होते. आठव्या मणक्याचाच साचा बाराव्यापर्यंत वापरला होता, फक्त अंग थोडं मोठं करत नेलं होतं.

यात बिघडतं काय ते सांगते. पाठीच्या मणक्यांवर बरगडी दोन ठिकाणी टेकते, डोकं अंगावर आणि गाठ आडव्या फांदीवर. पण अकराव्या आणि बाराव्या बरगडीला ती गाठ धरायला काही नसतं, त्या मणक्यांच्या आडव्या फांद्यांवर खळगी नसते, आणि अंगावर मात्र एकच पूर्ण खळगी असते. या संचात दोघांच्याही फांद्यांवर खळग्या आहेत, अंगावर वर-खाली अर्ध्या अर्ध्या. म्हणजे पिशवीत हात घालून कुणी बारावा ओळखू शकणार नाही.

याहून मोठी चूक बाराव्याच्या खालच्या बाजूला आहे. पाठीच्या मणक्यांत सांध्यांचे पृष्ठभाग पुढे-मागे तोंड करून असतात, म्हणून छाती डावी-उजवीकडे वळू शकते. कमरेत ते आत-बाहेर तोंड करतात, एकमेकांत खुंटीसारखे अडकतात. त्यामुळे कंबर पुढे-मागे छान वाकते, पण फिरत फारशी नाही. ही बदली बाराव्या मणक्यात होते: वरून तो पाठीचा, खालून कमरेचा. एकाच हाडात दोन स्वभाव. फिरणारा भाग संपून न फिरणारा सुरू होतो त्या सांध्यावर ताण येतो, आणि उंचावरून पडल्यावर किंवा ठिसूळ हाडांत मणका दबण्याचं प्रमाण याच भागात जास्त दिसतं. पेशंटच्या एक्सरेवर हाच भाग मी आधी बघते. आणि माझ्या मॉडेलमध्ये नेमका हाच सांधा खोटा होता. बारावा पहिल्या लंबरवर, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्यावर, बसतच नव्हता, म्हणून मध्ये एक जाड प्लॅस्टिकची चकती घालून तो बसवला होता. सुरुवातीला मला ती चकती दोन मणक्यांमधल्या गादीचाच भाग वाटली होती.

फोटो काढून, खुणा करून कंपनीला मेल लिहिली. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, सभ्य भाषेत, आणि 'नवा' बारावा मणका घरी आला. तोही त्याच साच्यातला. दुसरी मेल लिहिली, तिला उत्तर नाही. मग मी स्वतःच बसले. जुन्या बाराव्याच्या आडव्या फांद्यांवरच्या खळग्या कानशीने घासून सपाट केल्या, खालचे दोन्ही सांधे कापले आणि इपॉक्सी पुटीने नवे घडवले, बाहेरच्या बाजूला गोलसर. पहिल्या लंबरच्या आत दाबून बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं, असं दोन रविवार चाललं. ज्या क्षणी तो खट्कन बसला आणि फिरवायला गेले तर अडला, तेव्हा फार बरं वाटलं. आता पिशवीत हात घातलेली मुलं अंगठा वरच्या सांध्यावर ठेवतात, मग खालच्या, आणि सांगतात, "हा बारावा." हे काम माझं नव्हतं, कंपनीचं होतं.

कमरेचे पाच मणके आणि सेक्रम चांगले आहेत. पाचवा लंबर पुढून उंच आणि मागून कमी, पाचरीसारखा, हे त्यांनी राखलंय, म्हणून कंबरेचा बाक आपोआप येतो. सेक्रममध्ये पाच मणके एकत्र आल्याच्या आडव्या रेघा आणि पुढे-मागे चार चार जोड भोकं, सगळं जागेवर.

गाद्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण पेशंटना मी दाखवते त्या त्याच. एकूण २३ गाद्या हव्यात, २३ आहेत. कवटी आणि ॲटलसमध्ये नाही, ॲटलस आणि ॲक्सिसमध्येही नाही, हे त्यांनी बरोबर केलंय. कण्याच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा गाद्यांचा असतो आणि या मॉडेलवर मी फूटपट्टी लावून बघितलं, प्रमाण जवळपास तेच निघालं. चौथ्या आणि पाचव्या लंबरमधली गादी वेगळ्या मऊ रबराची, सरकलेली, मागे आणि बाजूला फुगा आलेली, तिला लागून एक पिवळी नस.

गेल्या महिन्यात एक काका आले होते. एमआरआयचा रिपोर्ट हातात, चेहरा उतरलेला. "मॅडम, कमरेत गॅप पडलीय म्हणतात. मणके सुटत चाललेत का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. गॅप म्हटलं की माणसाला वाटतं मणके एकमेकांपासून लांब गेले, आता कणा कधीही निखळेल, आणि त्या भीतीने तो हलायचंच सोडतो. मी मॉडेल काढून त्यांच्या मांडीवर आडवं ठेवलं. वरच्या गाद्या बोटाने दाबून बघायला सांगितल्या, मग चौथ्या-पाचव्यामधली. "ही दबलीय की हो," ते म्हणाले. तेच तर. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं ते मणक्यांमधलं अंतर कमी झाल्याचं, वाढल्याचं नाही. मग फुग्यापाशी बोट नेलं. तिथे दबते ती बहुधा पाचवी लंबर नस, कारण चौथी त्या आधीच वरच्या भोकातून बाहेर पडलेली असते. पाचवीची हद्द पावलाच्या वरच्या अंगाला अंगठ्यापर्यंत. त्यांची मुंग्यांची जागा बरोबर तीच होती. काका बराच वेळ त्या पिवळ्या नळीवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे दुखतं पायात, पण कारण इथे." त्यानंतर व्यायाम सांगितला तो त्यांनी न घाबरता केला. या एका गादीसाठी मी मॉडेलच्या बऱ्याच चुका पोटात घालते.

एक चूक पोटात घालता येत नाही. कणा उभा ठेवायला पोलादी लवचीक दांडा दिलाय, तो मणक्यांच्या मागच्या पोकळीतून जातो, थेट सेक्रमपर्यंत. ती जागा मज्जारज्जूची. मुलं सहज धरून चालतात की मज्जारज्जूही दांड्यासारखाच खालपर्यंत जातो. प्रौढ माणसात तो पहिल्या-दुसऱ्या लंबरच्या आसपास संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पाठीतून पाणी काढताना सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या लंबरमधून घालतात ती याच कारणाने. मी आता शिकवताना दांडा काढून ठेवते, जाड पिवळी लोकर ओवते आणि पहिल्या लंबरच्या खाली तिचे पदर सोडते.

छातीचा पिंजरा दिसायला देखणा आहे. बरगड्यांच्या पुढच्या कूर्चा रबरी असल्याने बरगडी हाताने उचलता येते, आणि श्वासाची हालचाल समजवायला याहून चांगलं साधन माझ्याकडे नाही. वरच्या बरगड्या छातीच्या हाडाला पुढे उचलतात, हापशाच्या दांड्यासारख्या. खालच्या बाजूला उचलल्या जातात, बादलीच्या कडीसारख्या. मुलांचा एक हात या पिंजऱ्यावर आणि दुसरा स्वतःच्या छातीवर ठेवला की दोन मिनिटांत कळतं. बरगडीच्या खालच्या कडेला आतून खोबण आहे, तिच्यात वरून खाली शीर, धमनी आणि नस या क्रमाने असतात. खोबण नखाला लागेल इतकी स्पष्ट आहे. छातीत सुई घालताना ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून का घालायची, हे त्या खोबणीवरून नख फिरवल्यावर वेगळं शिकवावं लागत नाही.

पहिली बरगडीही उत्तम. ती चपटी, आखूड आणि सगळ्यांत जास्त वाकलेली असते. वरची बाजू वर ठेवून टेबलावर ठेवली तर दोन्ही टोकं टेबलाला टेकतात, उलटी ठेवली तर डोकं उचललं जातं. डावी-उजवी ओळखायची ही जुनी युक्ती इथे चालते. वरच्या अंगावर मानेतल्या स्केलीन स्नायूची गाठ आणि तिच्या पुढे शिरेची, मागे धमनीची पन्हळ, तिन्ही बोटाला लागतात.

छातीच्या हाडाला मात्र मी नापास करते. वरचा तुकडा आणि मधला तुकडा जुळतात तिथे आडवी कड असते. गळ्याच्या खळग्यातून बोट खाली सरकवत आणलं की ती स्वतःच्या अंगावरही लागते. तिथेच दुसरी बरगडी येते. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते, म्हणून मोजणी या कडेपासून सुरू होते, हृदयाचे ठोके ऐकायची जागा असो की ईसीजीच्या पट्ट्या. मॉडेलमध्ये हा भाग गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखा सपाट. दुसरी बरगडी बरोबर जागी जोडलीय, पण बोटाला थांबायला काही नाही. इथेही मी पुटीची बारीक आडवी रेघ उठवली.

कवटीबद्दल थोडक्यात. बाहेरून छान, सांध्यांच्या नागमोडी रेघा कोरलेल्या आहेत, रंगवलेल्या नाहीत. टोपी उघडली की आतल्या बाजूला धमनीच्या पन्हळी दिसतात, आणि कानशिलापाशी जिथे चार हाडं भेटतात तिथून ती पन्हळ जाते हेही दिसतं. तिथे मार लागला तर रक्तस्रावाची भीती का, हे उजेडासमोर धरलं की समजतं, प्लॅस्टिकही तिथे पातळ ठेवलंय. तळात स्फेनॉइड नावाचं हाड वटवाघळासारखं पंख पसरून बसलंय. त्याच्या तीन भोकांपैकी ओव्हल आणि स्पायनोसम आरपार आहेत, मी तार घालून बघितली. रोटंडम नुसता खड्डा आहे. जबड्याच्या स्प्रिंगा सहाव्या महिन्यात सैल झाल्या.

हायॉइड तारेने लटकवलंय, तेही खाली, पाचव्या मानेच्या मणक्यासमोर. त्याची जागा तिसऱ्यासमोर. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांधा नसलेलं हे एकटं हाड स्नायू आणि लिगामेंटांवर तोललेलं असतं, त्यामुळे तारेला पर्याय नव्हता हे समजतं. तार आखूड केली, प्रश्न मिटला.

पाचपैकी साडेतीन तारे. पेशंटना समजवायचं असेल तर बिनधास्त घ्या, त्या गादीसाठी. शिकवायचं असेल तर मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याकडून बाराव्या पाठीच्या मणक्याचे दोन फोटो मागवा, एक वरून, एक खालून. वरचे सांधे मागे बघत असतील आणि खालचे बाहेर, तर साचा सुधारलाय असं समजा. दोन्ही एकाच दिशेला दिसले तर कानस आणि पुटी जवळ ठेवा, किंवा दुसरा संच बघा.